विज्ञानाच्या तासाला आधार द्यायचा कसा आणि काढायचा कधी: दोलकाच्या पाच तासिका

प्रयोगाची तासिका संपते, चाळीस वह्या टेबलावर येतात आणि चाळिसांतही एकच वाक्य असतं: "यावरून असे सिद्ध होते की दोलनकाल लांबीवर अवलंबून असतो." शब्द तेच आणि शुद्धलेखनाची चूकही तीच, कारण ती फळ्यावरच होती. यातल्या कुणालाही दुसऱ्या दिवशी जरा वेगळा प्रश्न दिला की हात थांबतात.

आधार देण्याच्या नावाखाली तीन चुका सर्रास होतात. एक, सगळं फळ्यावर लिहून दिलं जातं. दोन, साहित्य वाटून "करा आता" म्हणून मुलांना सोडलं जातं. मग चार जण करतात आणि छत्तीस जण बघतात. तिसरी चूक चांगल्या शिक्षकांकडूनही होते: छापील तक्ते, शब्दपट्ट्या, इशारे सगळं छान तयार असतं, पण ते कधी काढून घ्यायचं हे ठरलेलंच नसतं. स्लॅब सुकल्यावरही परांची तशीच ठेवली, तर घर स्वतःच्या पायावर उभं आहे की बांबूंवर हे कळणार कसं?

आधार की उत्तर, हे ओळखायची कसोटी सोपी आहे. चिठ्ठी किंवा तक्ता हातात आल्यावर मुलाला अजून काही ठरवावं लागतंय का? लागत असेल तर तो आधार. नुसतं उतरवायचं उरलं असेल तर ते उत्तर.

पुढचे टप्पे सातवीच्या चाळीस मुलांच्या वर्गासाठी आणि ३५ मिनिटांच्या पाच तासिकांसाठी मांडले आहेत. विषय दोलकाचा: दोऱ्याला टांगलेलं वजन झुलवायचं आणि एका झोक्याला किती वेळ लागतो (म्हणजेच दोलनकाल) ते बघायचं. सातवीत ध्वनी शिकवताना दोलन, आयाम, दोलनकाल हे शब्द येतातच, साहित्य स्वस्त आहे, आणि मुलांचा पहिला अंदाज बहुतेक वेळा चुकतो. त्यामुळे उत्तर आधीच माहीत असल्याचा आव कुणाला आणता येत नाही.

## टप्पा १: धडा कशाचा आणि अडथळा कशाचा, हे वेगळं करा

हा टप्पा कागद-पेन्सिल घेऊन घरीच उरकायचा. दोलकाच्या प्रयोगात मुलाला काय काय करावं लागतं ते उतरवून काढा: प्रश्न समजणं, कोणकोणत्या गोष्टी बदलता येतील हे ओळखणं, एका वेळी एकच बदलणं, दोलनं मोजणं, वेळ वाचणं, तक्ता आखणं, सरासरी काढणं, आलेख काढणं, निष्कर्ष लिहिणं. नऊ कामं झाली. ही नऊही एकदम शिकवायला गेलात तर एकही नीट होत नाही.

यातलं धड्याचं काम एकच ठेवा. इथे ते आहे "एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी तशाच ठेवायच्या". बाकीची आठ कामं या धड्यापुरते अडथळे समजा. ज्या मुलाचं सरासरीत अडतं, त्याला पहिल्या दिवशी सरासरी काढून दिली तरी काही बिघडत नाही. तो विज्ञानाच्या मूळ मुद्द्यापर्यंत पोचतो हे महत्त्वाचं. पण काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हा निर्णय त्याच्या हातून काढून घेतलात तर धडाच काढून घेतला.

सावध: बहुतेक छापील कार्यपत्रिकांत नेमकं उलटं असतं. "लांबी बदला, वजन तेच ठेवा" हे छापलेलं असतं आणि तक्ता आखायचं काम मुलाकडे असतं. मुलं पट्टी घेऊन सुंदर रेघा मारत बसतात आणि तास संपतो.

## टप्पा २: आदल्या दिवशी पाच मिनिटांची चिठ्ठी

वहीच्या पाव पानावर तीन प्रश्न पुरतात.

१. १२.६, १२.८ आणि १२.७ यांची सरासरी किती?
२. एक रेघ पट्टीवर ३ सेमीच्या खुणेपासून ११ सेमीच्या खुणेपर्यंत काढली आहे. तिची लांबी किती?
३. दोरीला एकाऐवजी तीन नट बांधले तर झोका लवकर होईल, उशिरा होईल की तितकाच वेळ घेईल? का?

चिठ्ठ्यांना गुण देऊ नका, त्यांचे ढीग करा. पहिला प्रश्न चुकला त्यांना आकडेमोडीचा आधार लागणार. दुसऱ्याला "११ सेमी" लिहिणारी मुलं दोरीही शून्यापासून मोजणार नाहीत. तिसऱ्यात बहुतेक जण "लवकर, कारण जड आहे" असं लिहितील. ती चूक दुरुस्त न करता तशीच जपून ठेवा, पहिल्या तासिकेत तीच कामाला येते. ज्यांनी "का?" कोरं सोडलं त्यांचा आणखी एक ढीग. त्यांना उत्तर येत नसेल किंवा लिहिता येत नसेल. दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलंत की मिनिटभरात कळतं.

तपासा: ढीग अडथळ्यावरून पडले आहेत ना? "हुशार, मध्यम, कच्चे" असे पडले असतील तर पुन्हा लावा. आलेख झरझर काढणारी मुलगी वाक्य लिहिताना अडू शकते. तिला सगळे आधार द्यायची गरज नाही, एकच द्या.

## टप्पा ३: साहित्य जमवा आणि आधी स्वतः करून बघा

चार-चार मुलांचे दहा गट धरले तर प्रत्येक गटाला:

- न ताणला जाणारा दोरा, दीड मीटर (रबरी किंवा लोकरीचा नको)
- एकाच मापाचे तीन लोखंडी नट, साधारण २ सेमी रुंद
- कपड्यांचा एक चिमटा आणि चिकटपट्टी
- मोजपट्टी किंवा शिवणकामाची टेप
- सेकंद दाखवणारं काहीतरी

चिमटा बाकाच्या कडेला, तोंड बाहेर काढून चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोरा त्याच्या तोंडात धरा. पेन्सिलीला गाठ मारण्यापेक्षा हे बरं, कारण लांबी बदलताना गाठ सोडायची नाही, चिमटा दाबला की झालं. लांबी मोजायची ती चिमट्याच्या तोंडापासून नटाच्या मध्यापर्यंत.

शाळेत दहा स्टॉपवॉच नसतातच. एकच फोन असेल तर तुम्ही "तयार... सोडा" म्हणा आणि दर सेकंदाला मोठ्याने आकडा बोला. किंवा भिंतीवरच्या सेकंदकाट्याच्या घड्याळावर काम भागवा, पण मग दहाऐवजी वीस दोलनं मोजायला लावा आणि आलेल्या वेळेची निम्मी करा. नाहीतर एका सेकंदाची चूक फार मोठी ठरते.

दहा दोलनांना साधारण इतका वेळ यायला हवा:

- २० सेमी: ९.० सेकंद
- ३० सेमी: ११.० सेकंद
- ४० सेमी: १२.७ सेकंद
- ५० सेमी: १४.२ सेकंद
- ६० सेमी: १५.६ सेकंद
- ८० सेमी: १८.० सेकंद

स्टॉपवॉचने मोजताना तीन दशांश इकडे-तिकडे चालेल. हा कागद तुमच्या खिशात राहू द्या, फळ्यावर नको. तुमचेच आकडे जुळत नसतील तर चिमटा हलतोय का, पंखा चालू आहे का आणि नट गोल गोल फिरतोय का, या तीन गोष्टी आधी बघा.

सावध: तीन नट एकाखाली एक ओवू नका. मग वजनाचा मध्य एका नटाच्या उंचीइतका खाली सरकतो. २० सेमीचा दोलक २२ सेमीचा होतो आणि दहा दोलनांना ९.० ऐवजी ९.४ सेकंद लागतात. "जड झालं म्हणून हळू झालं" असा निष्कर्ष मुलं काढतील, आणि त्यांच्या आकड्यांप्रमाणे तो बरोबरही असेल. तिन्ही नट एकाच गाठीत, शेजारी शेजारी बांधा.

## टप्पा ४: पाच आधार तयार करा

जास्त नकोत. पाचाच्या वर गेलं की मुलं प्रयोग सोडून कागदच चाळत बसतात.

शब्दपट्टी. दोलन, आयाम, दोलनकाल, लांबी एवढेच चार शब्द. प्रत्येकाशेजारी चित्र आणि मुलांचा नेहमीचा शब्द: दोलन म्हणजे "जाऊन परत आलेला एक झोका", आयाम म्हणजे "मधल्या जागेपासून किती लांब ओढलं". मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं वर्गात असतील तर तिसरा रकाना कोरा ठेवा आणि त्यांच्याकडूनच शब्द भरून घ्या. तो शब्द तुम्हाला येत नाही हे मुलांना कळलं तरी चालतं, उलट ती सरसावून सांगतात. दोलन आणि दोलनकाल यांची गल्लत हमखास होते, म्हणून हे दोन शब्द वेगळ्या रंगांत लिहा.

निरीक्षण तक्ता, तीन रूपांत. पहिल्यात सगळे मथळे आणि एक ओळ भरलेली. दुसऱ्यात रकाने आखलेले, पण दोन मथळे कोरे. तिसरा म्हणजे कोरा कागद. तिन्ही रूपं आजच तयार ठेवली नाहीत, तर पाचव्या दिवशीही पहिलंच वाटलं जातं.

इशारा-चिठ्ठ्या, क्रमाने तीन. गट अडला की पहिली. दोन मिनिटांनीही सुटलं नाही तर दुसरी, मग तिसरी.

- पहिली फक्त विचारते: "मागच्या वेळी आणि आत्ता, यांत किती गोष्टी बदलल्या?"
- दुसरी दुसऱ्याच ठिकाणचं उदाहरण देते: "एका रोपाला ऊन आणि पाणी दोन्ही जास्त दिलं. ते जास्त वाढलं. उन्हामुळे की पाण्यामुळे? कसं शोधाल?"
- तिसरी बोट दाखवते: "दोरीची लांबी, नटांची संख्या, किती लांब ओढलं. यांतल्या दोन तशाच ठेवा." कोणत्या दोन, हे तिसरीतही नाही.

वाक्याचा सांगाडा. "आम्हाला वाटतं की ______. कारण आम्ही ______ बदललं तेव्हा दहा दोलनांचा वेळ ______ वरून ______ झाला. बाकी ______ आणि ______ तसंच ठेवलं होतं." शेवटचं वाक्य बरेच जण गाळतात. तेच तर धड्याचं वाक्य आहे.

कामांची विभागणी. सोडणारा, मोजणारा, वेळ पाहणारा, लिहिणारा. दर मांडणीनंतर कामं फिरवायची. नाही फिरवली तर सुंदर अक्षराची मुलगी वर्षभर लिहितच राहते आणि नटाला तिचा हात कधी लागत नाही.

## टप्पा ५: पहिली तासिका, तुम्ही करा आणि मोठ्याने विचार करा

प्रश्न फळ्यावर लिहा: नटांची संख्या वाढवली तर झोक्याला लागणारा वेळ बदलतो का? आदल्या दिवशीच्या चिठ्ठ्यांतले तिन्ही अंदाज लिहून हात वर करायला सांगा. अंदाज बांधला की मूल बघत राहतं, आपलं खरं होतंय का म्हणून.

४० सेमीचा दोलक, एक नट. आता तुमच्या डोक्यात जे चालतं ते मुलांना ऐकू आलं पाहिजे: "मी नट बदलणार आहे. म्हणजे दोरी ४० सेमीच राहायला हवी, परत मोजते. मगाशी ५ सेमी ओढला होता, आत्ताही ५ सेमीच." दर वेळी दहा दोलनं, तीन वेळा. मग तीन नट.

मधेच एक चूक मुद्दाम करा. तीन नट बांधताना दोरा नकळत ३० सेमीचा होऊ द्या आणि वेळ मोजा. ११ च्या आसपास येईल. "बघा, जड झोका लवकर झाला!" म्हणून थांबा. पाच-सहा सेकंद काही बोलू नका. कुणीतरी म्हणेलच, "बाई, दोरी लहान झालीय." कुणी म्हणालंच नाही तर पहिली इशारा-चिठ्ठी वाचून दाखवा. दोरी पुन्हा ४० सेमी करून मोजा आणि १२.७ च्या जवळचा आकडा सगळ्यांसमोर येऊ द्या.

तक्त्याचं पहिलं रूप याच वेळी वापरायचं. भरलेली ओळ तुमची, पुढच्या मुलांच्या.

जड नट लवकर का येत नाही, असं कुणी विचारलं तर एवढं पुरे: जड वस्तूला पृथ्वी जास्त ओढते, पण जड वस्तू हलवायला ओढही जास्तच लागते, दोन्हींची फिटंफाट होते. याच्यापुढे सातवीत जाऊ नका.

तपासा: तास संपताना एकच तोंडी प्रश्न विचारा, "मगाशी ११ का आले?" चार-पाच वेगवेगळ्या बाकांवरून उत्तर "दोन गोष्टी बदलल्या म्हणून" असं आलं तर पुढे जा. "दोरी लहान होती म्हणून" एवढंच आलं तर ते खरं आहे, पण अर्धं आहे. दुसऱ्या तासिकेची सुरुवात तिथूनच करा.

## टप्पा ६: दुसरी तासिका, गट करतील आणि तुम्ही फिराल

प्रश्न: नट जास्त लांब ओढून सोडला तर वेळ बदलतो का? लांबी ५० सेमी, एक नट, ओढायचं ५, १० आणि १५ सेमी. तक्त्याचं दुसरं रूप द्या. कोऱ्या मथळ्यांत एक "काय बदललं" हा असू द्या आणि दुसरा "काय तसंच ठेवलं".

तिन्ही वेळा १४.२ च्या आसपासच येतं. मुलांना हे आवडत नाही. "काहीच बदललं नाही" हे त्यांना चुकल्यासारखं वाटतं आणि मग आकडे मनानेच थोडे थोडे वाढवले जातात. आधीच सांगून टाका की "बदललं नाही" हेसुद्धा उत्तर असतं.

सावध: "अजून लांब ओढून बघू का?" असं विचारून कुणीतरी दोरा जवळजवळ आडवा करतं. मोठ्या कोनाला वेळ खरोखरच वाढतो. ६० अंशांना साधारण सात टक्क्यांनी, म्हणजे १४.२ चे १५.२ होतात. १५ सेमीच्या आत राहायचं हे चिमट्याखाली बाकावर खडूने खूण करून ठरवा. चुणचुणीत गटाला नंतर हाच प्रश्न स्वतंत्रपणे द्या, त्यांचं काम होईल.

फिरताना कुठे काय बिघडलंय हे आकड्यावरून ओळखता येतं. १२.८ आलं तर मोजणाऱ्याने सोडतानाच "एक" म्हटलंय, म्हणजे दहाऐवजी नऊच दोलनं झाली. ७.१ आलं तर नट पलीकडे गेला तेही एक दोलन धरलंय. तीन वेळा तीन भलतेच आकडे आले तर वेळ पाहणारा आणि सोडणारा यांचा ताल जुळत नाही.

१२.८ वाल्या गटाला "एक नको, शून्य म्हण" असं सांगणं सोपं असतं. त्याऐवजी "सोडलं त्या क्षणी किती झोके पूर्ण झाले होते?" एवढंच विचारा आणि पुढच्या बाकाकडे निघा. निघून जाणं महत्त्वाचं. उभे राहिलात तर मुलं नटाकडे नाही, तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतात.

कुठल्या गटाने कितवी चिठ्ठी घेतली ते हजेरीच्या कागदावर गटापुढे १, २ किंवा ३ लिहून ठेवा. पुढे याचाच उपयोग होणार आहे.

## टप्पा ७: तिसरी आणि चौथी तासिका, लांबी आणि आलेख

तिसऱ्या तासिकेला कोरा कागद. प्रश्न फक्त एवढा: दोरीच्या लांबीने वेळ बदलतो का? किती लांब्या घ्यायच्या हे गट ठरवेल, अट एकच की किमान पाच हव्यात आणि ६० सेमीच्या वर नको, नाहीतर नट जमिनीला टेकतो. पाच लांब्या, प्रत्येकी तीन वेळा, गोंधळ धरून वीस मिनिटं लागतात. तक्ता आखताच येत नसेल अशा गटाला दुसरं रूप परत द्या, बाकीच्यांना नको.

चौथ्या तासिकेला आलेख. इथे आधार भरपूर द्या, कारण आलेख हा या धड्याचा मूळ मुद्दा नाही. अक्ष आखलेला आलेखकागद, आडव्या अक्षावर १ सेमीला १० सेमी लांबी, उभ्यावर १ सेमीला २ सेकंद. एक बिंदू तुम्ही फळ्यावर मांडून दाखवा. सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलं अक्षावर आपलेच आकडे समान अंतरावर लिहितात: ९.०, ११.०, १२.७... एकेक घर सोडून. मग आलेख नेहमीच सरळ येतो आणि त्यातून काहीच कळत नाही.

बिंदू मांडून झाले की खरी परीक्षा: ८० सेमीला दहा दोलनांना किती वेळ लागेल? आधी वहीत लिहायचं, मग तुम्ही खिडकीच्या गजाला ८० सेमीचा दोलक बांधून मोजायचं. बिंदूंतून पट्टीने सरळ रेघ ओढणारे गट १९ च्या जवळपास सांगतात. रेघ वर जाताना थोडी वाकतेय हे ज्यांनी पाहिलं ते १८ च्या जवळ येतात. ही फोड तुम्ही करू नका, आकडा आल्यावर दोन गटांना समोरासमोर बोलू द्या.

मग सांगाडा घेऊन वाक्य लिहायचं. हजेरीच्या कागदावर ३ पडलेल्या गटांना पूर्ण सांगाडा, बाकीच्यांना फक्त "आम्हाला वाटतं की..." आणि "कारण..." एवढे दोन शब्दगट.

कारण विचारणारी मुलं निघालीच तर: ओढायचा कोन तोच ठेवला तर लांब दोरीच्या नटाची वाट लांब होते, पण उतार तितकाच राहतो. लांब वाट आणि तोच उतार, म्हणून वेळ जास्त. लांब ओढल्यावर वाट लांब होते खरी, पण उतारही तीव्र होतो, म्हणून तिथे वेळ जवळजवळ तितकाच राहिला. हे खडूने फळ्यावर दोन कमानी काढून दाखवलं की पुरतं.

## टप्पा ८: नेहमीचा आधार ज्यांना पुरत नाही

दृष्टी कमी असलेल्या मुलासाठी मोजपट्टीऐवजी दर १० सेमीला गाठ मारलेली दोरी द्या. जोडीदाराने प्रत्येक पूर्ण दोलनाला त्याच्या मनगटावर टिचकी मारायची आणि मोजायचं त्याने. आलेखासाठी जाड पुठ्ठ्यावर बिंदूंच्या जागी डाळीचे दाणे चिकटवले की वळण बोटाला लागतं. त्याला फक्त "लिहिणाऱ्याशेजारी बसव" हा आधार नव्हे.

ऐकू कमी येणाऱ्या मुलाला तुमचं "सोडा" कळत नाही. हात खाली आणण्याची खूण सगळ्या वर्गासाठीच ठेवा. लिहिताना अडणाऱ्याकडून निष्कर्ष आधी तोंडी वदवून घ्या, गटातल्या दुसऱ्याने शब्दशः उतरवायचा आणि मग त्याने तो वाचायचा. सरासरीत अडणाऱ्याला तीन आकड्यांपैकी मधला निवडायला सांगा. इथे तो सरासरीच्या जवळच असतो आणि एखादा भलताच आकडा आला असेल तर सरासरीपेक्षा बराही ठरतो.

पटकन उरकणाऱ्यांना जास्तीच्या गणितांत अडकवू नका. "बरोबर एका सेकंदात एक झोका करणारा दोलक बनवा" हे द्या. उत्तर २५ सेमीच्या अगदी जवळ आहे, आणि शोधायला त्यांना आपलाच आलेख वाचावा लागतो.

## टप्पा ९: पाचवी तासिका, आधार काढून

नवा विषय, नवं साहित्य, कोरा कागद: साखर विरघळायला लागणारा वेळ कशावर अवलंबून असतो? प्रत्येक गटाला पारदर्शक पेले, १०० मिली पाण्याचं माप, चमचा, खडीसाखर, एक खलबत्ता. कोमट पाणी हवं असेल तर ते तुम्हीच ओता, बोट सहज बुडवता येईल इतपतच. कुठलाही तक्ता, सांगाडा, शब्दपट्टी नाही. इशारा-चिठ्ठ्या तुमच्या टेबलावर पालथ्या. हवी असेल त्याने उठून यायचं आणि मागायचं.

मुलं तापमान, दाण्याचा आकार किंवा ढवळणं यांतलं एक निवडतात. दाण्याचा आकार घेणाऱ्या गटांवर लक्ष ठेवा: एक चमचा खडे आणि एक चमचा कुटलेली साखर यांचं वजन सारखं नसतं, म्हणजे नकळत दोन गोष्टी बदलल्या. "आधी मोजा, मग कुटा" हे कुठल्या गटाला आपण होऊन सुचतं ते टिपा. साखर "विरघळली" कधी म्हणायची हेही आधी ठरवावं लागतं. नाहीतर एकाला तळाशी दाणा दिसतो आणि दुसऱ्याला दिसत नाही.

तपासा: प्रत्येक वहीत तीनच गोष्टी शोधा. बदललेली गोष्ट एकच आहे का? तशाच ठेवलेल्या किमान दोन गोष्टी लिहिल्या आहेत का? निष्कर्षात स्वतःचे आकडे आहेत का? अक्षर, शुद्धलेखन, तक्त्याची सुबकता या तपासणीत धरू नका.

ज्या वहीत पहिली गोष्ट नाही त्या मुलाला एक पायरी मागे जावं लागेल. पुढच्या आठवड्यात त्याच्या गटाला तक्त्याच्या दुसऱ्या रूपासकट तोच साखरेचा प्रयोग पुन्हा द्या. पहिली आणि दुसरी आहे पण तिसरी नाही, त्यांना फक्त सांगाडा परत करा. तिन्ही आहेत त्यांना पुढच्या घटकात कुठलाही आधार सुरुवातीला देऊ नका, मागितला तरच द्या.

हजेरीच्या कागदावरचे १, २, ३ आणि ही तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहून तो कागद चिठ्ठ्यांच्याच पाकिटात ठेवा. पुढचा प्रयोग आम्ल-आम्लारींचा असो की प्रकाशाचा, कुणाला काय वाटायचं ते त्या कागदावर आधीच लिहिलेलं असेल. नट आणि चिमटे मात्र वेगळ्या डब्यात ठेवा. खिळे-मोळ्यांच्या डब्यात गेले की पुढच्या वर्षी तीन मापांचे नट हातात येतात.